गावचं स्टेशन, पुण्यातला माईक: रिमोट रिग बोलेनाशी झाली की बिघाड कुठे शोधायचा

माझी हॅम रेडिओची रिग, म्हणजे बोलायचा-ऐकायचा संच, वाई तालुक्यातल्या घराच्या माडीवर आहे आणि मी पुण्यात सातव्या मजल्यावर. सोसायटीने गच्चीवर अँटेनाची तार बांधू दिली नाही, म्हणून स्टेशन गावी गेलं. तिकडे आयकॉमची आयसी-७३००, तिला यूएसबीने जोडलेला छोटा पीसी, एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), राऊटर, फायबर आणि अंगणात चाळीस मीटर बँडची (७ मेगाहर्ट्झ) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्हीच्या आकाराची तारेची अँटेना. इकडे लॅपटॉप आणि हेडफोन. सगळं नीट चालतं तेव्हा मधल्या नव्वदेक किलोमीटरची आठवणही होत नाही.

बंद पडलं की पहिली शिवी इंटरनेटवाल्याला जाते. मी बिघाडांची वही ठेवतो. ती चाळली तर त्यात इंटरनेट खरोखर दोषी असल्याच्या नोंदी थोड्याच आहेत. बाकी उंदराने कुरतडलेली लॅन वायर, विंडोजने बदललेला कॉम पोर्ट (पीसी ज्या नंबरावर रिगशी बोलतो तो), ट्रान्समिट करताच मान टाकणारी यूएसबी, आणि एकदा तर अँटेनाच्या तारेवर झोके घेणारी वानरं. म्हणून या लेखात इंटरनेटला जेवढी जागा मिळायला हवी तेवढीच दिली आहे.

सुरू करण्याआधी एकच कागदी गोष्ट. परवाना आपल्या नावावर असतो आणि रिमोटवरून काही चुकलं तरी जबाबदारी आपलीच. आपल्या परवान्याच्या अटींत ही मांडणी बसते का, हे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून लेखी विचारून घ्या.

आधी कॅरियर थांबवता आला पाहिजे

रिमोट स्टेशनवरचा सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे पीटीटी (बोलण्याचं बटण) अडकणं, म्हणजे रिगचा सिग्नल, कॅरियर, हवेत चालूच राहणं. आवाज येत नसेल तर आपलं संध्याकाळचं नेट (रेडिओवरची गप्पांची ठरलेली बैठक) बुडतं, एवढंच. पीटीटी अडकली तर सगळ्यांचं नेट बुडतं, रिगचे फायनल (शेवटचे पॉवर ट्रान्झिस्टर) तापतात आणि आपण नव्वद किलोमीटरवर बसून नुसते बघत राहतो. म्हणून बिघाड शोधायला बसण्याआधी रिगची वीज तोडायचा असा रस्ता हवा, जो पीसी, राऊटर आणि फायबर यांपैकी कशावरही अवलंबून नाही.

मी शेतातल्या मोटारीला लावतात तसा, मिस्ड कॉलवर चालणारा जीएसएम रिले एसएमपीएसच्या (रिगला १३.८ व्होल्ट देणाऱ्या वीजपुरवठ्याच्या) २३० व्होल्टच्या बाजूला बसवलाय. फोन लावला, दोन रिंग गेल्या की एसएमपीएस बंद. हे रिले बहुतेक टूजीवर चालतात, त्यामुळे जिओचं सिम त्यात चालणार नाही. त्या कंपनीचं जाळं फोरजीपासूनच सुरू होतं. १०० वॉटला ७३०० जास्तीत जास्त २१ अँपिअर ओढते, पण ते १३.८ व्होल्टला. २३० व्होल्टच्या बाजूला हा प्रवाह दोन अँपिअरच्या आसपासच राहतो, त्यामुळे साधा चांगला रिले पुरतो.

रिगमधलं संरक्षणही चालू करा. मेनूत सीआय-व्हीसाठी (संगणकावरून रिगला आज्ञा द्यायची आयकॉमची पद्धत) टाइम-आउट टायमर आहे, तो ३ मिनिटांवर ठेवा. यूएसबी सेंडच्या (यूएसबीच्या रेषेवरून ट्रान्समिट सुरू करायच्या) सेटिंगजवळ 'इनहिबिट टायमर ॲट यूएसबी कनेक्शन' असं एक कलम आहे, तेही ऑन ठेवा. पीसी सुरू होताना सिरियल पोर्टच्या आरटीएस-डीटीआर रेषा क्षणभर वर जातात आणि यूएसबी सेंड त्यांवर ठेवलेलं असेल तर रिग आपोआप ट्रान्समिटमध्ये जाते. लाइट आल्यावर मध्यरात्री माडीवर कुणी नसताना हे होऊ शकतं. मी यूएसबी सेंड बंदच करून टाकलंय. पीटीटी सीआय-व्हीच्या आज्ञेने देतो.

आणि हे सगळं एकदा गावी जाऊन तपासा. डमी लोड (अँटेनाऐवजी सिग्नल जिरवणारा भार) लावा, ५ वॉटवर ट्रान्समिट करा आणि दुसऱ्या हाताने राऊटरची वायर उपटा. कॅरियर किती सेकंदांनी थांबतो ते घड्याळ लावून मोजा. काही सॉफ्टवेअर संपर्क तुटताच पीटीटी सोडतात, काही सोडत नाहीत. आपलं कोणत्या जातीचं आहे हे आधीच कळलेलं बरं.

साखळी मधोमध तोडा

आता बिघाड शोधायचा. सवय अशी असते की लॅपटॉपपासून सुरुवात करून एकेक गोष्ट रीस्टार्ट करत जायचं. त्यात तास जातो, आणि चालू झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही. त्यापेक्षा साखळीच्या मधल्या कडीला हाक मारा. माझ्याकडे ती कडी म्हणजे रास्पबेरी पाय. व्हीपीएन (दोन्ही घरं इंटरनेटवरून जोडणारी खाजगी वाट) त्याच्यावर आहे, पीसीवर नाही, आणि ते मुद्दाम. पीसी लटकला तरी पायमधून घरात शिरता येतं आणि वेक-ऑन-लॅनने पीसी उठवता येतो.

पायला पिंग केलं आणि उत्तर आलं, तर लाइट, फायबर, राऊटर आणि व्हीपीएन हे चारही एका फटक्यात सुटले. बिघाड पीसीपासून अँटेनापर्यंत कुठेतरी आहे. उत्तर नाही आलं, तर रिगकडे बघायचंही कारण नाही. तेव्हा मी मोबाइलवर गावच्या घराचा सीसीटीव्ही उघडतो. तो त्याच फायबरवर आहे. चित्र दिसलं तर फायबर ठीक, पाय आजारी. चित्रही नाही, तर काकूंना फोन: "काकू, लाइट आहे का?"

लाइट, राऊटर, पीसी

उत्तर बहुतेक वेळा "आत्ताच आली बघ" असं असतं. लाइट येण्या-जाण्यातच निम्मे बिघाड जन्म घेतात. घराला इन्व्हर्टर असला तरी बदल होताना क्षणभर खंड पडतो. तेवढ्यात ट्यूब नुसती लुकलुकते, पण राऊटर अर्धवट लटकतो: दिवे सगळे हिरवे, काम शून्य. राऊटर आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा. शिवाय रोज पहाटे चारला पाच मिनिटं वीज तोडणारा साधा टायमर यूपीएस आणि राऊटर यांच्या मधल्या १२ व्होल्टच्या वायरीत बसवा. उपाय गावठी आहे, पण लटकलेला राऊटर जास्तीत जास्त दुसऱ्या पहाटेपर्यंतच लटकलेला राहतो.

पीसीच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती ऑन करा. सुरू होऊन तो पासवर्डच्या पडद्यावर थांबत असेल तर रिगचा सर्व्हर चालूच होणार नाही, म्हणून आपोआप लॉगिन आणि सर्व्हरचा शॉर्टकट स्टार्टअपमध्ये. रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड वारंवार वीज गेल्याने खराब होतं. माझी दोन कार्डं गेली, मग एसएसडी लावली.

दार कुठे आहे: पोर्ट, सीजीनॅट आणि व्हीपीएन

पहिल्यांदा मांडणी करणारे इथे अडकतात. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केला (बाहेरून येणारी जोडणी आतल्या पीसीकडे वळवली), सगळं बरोबर लिहिलं, तरी बाहेरून काही जोडलं जात नाही. राऊटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राऊटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलाय. वाड्याला एकच दरवाजा आणि आत चाळीस बिऱ्हाडं. पोस्टमनला तुमची खोली कळत नाही. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंगचा काही उपयोग नाही, कितीही वेळा केलं तरी.

मार्ग तीन. कंपनीकडून पैसे भरून स्थिर आयपी घ्या; दोन्हीकडे आयपीव्ही६ असेल तर त्यावरून या; किंवा टेलस्केल, झिरोटियरसारखं व्हीपीएन वापरा, ज्यात दोन्ही टोकं आतून बाहेर जोडतात आणि बाहेरून आत यायची गरजच उरत नाही. माझं मत विचाराल तर सार्वजनिक आयपी असला तरी व्हीपीएनच वापरा. हॅमलिबचा रिगसीटीएलडी (नेटवर्कवरून रिग चालवू देणारा प्रोग्राम) ४५३२ या पोर्टवर ऐकतो आणि साध्या मांडणीत पासवर्ड विचारत नाही. तो उघड्यावर ठेवला तर कुणीही येऊन तुमच्या कॉलसाइनवर (परवान्यातल्या ओळखीवर) ट्रान्समिट करून जाईल.

व्हीपीएन जोडलेलं दिसतं आणि तरी पलीकडचं काही सापडत नाही, असं झालं तर दोन्ही घरांच्या राऊटरचे पत्ते बघा. दोन्हीकडे १९२.१६८.१ चीच मालिका असेल तर लॅपटॉपला गावचा पीसी आणि पुण्यातला टीव्ही यांतला फरक कळत नाही. गावची मालिका बदला, मी १९२.१६८.७३ ठेवलीय, रिगच्या नावावरून.

दुसरी फसवी खूण: पिंग जातं, पण रिमोट डेस्कटॉप काळ्या पडद्यावरच थांबतो. छोटी पाकिटं जातात, मोठी अडतात. व्हीपीएनचा एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १२८० करून बघा. वायरगार्ड हे व्हीपीएन स्वतः चालवत असाल आणि थोडा वेळ शांत बसलं की जोडणी मरत असेल, तर गावच्या टोकाला कीपअलाइव्ह २५ सेकंद द्या.

रिग उत्तर देते का

पीसीपर्यंत पोचलात. आता आधी पीसीवरच, म्हणजे रिमोट डेस्कटॉपने आत जाऊन, रिगची फ्रिक्वेन्सी वाचता येते का बघा. तिथे वाचता येत असेल आणि पुण्यात येत नसेल, तर दोष पोर्टचा. आयकॉमचं आरएस-बीए१ आणि डब्ल्यूएफव्ह्यू ही रिमोटची सॉफ्टवेअर यूडीपीचे तीन पोर्ट वापरतात: ५०००१ नियंत्रणाला, ५०००२ सीआय-व्हीला, ५०००३ आवाजाला. लॉगिन झालं पण डायल हलत नाही, तर ५०००२ अडलाय. डायल हलते पण कान कोरडे, तर ५०००३. फायरवॉलमध्ये नेमका कोणता राहिलाय ते यावरून कळतं.

पीसीवरच फ्रिक्वेन्सी वाचता येत नसेल तर क्रमाने चार गोष्टी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सिलिकॉन लॅब्जचा सीपी२१०एक्स पोर्ट दिसतो का. यूएसबीची भोकं बदलली की पोर्टचा नंबर बदलतो. दुसरं एखादं सॉफ्टवेअर तोच पोर्ट धरून बसलंय का; एका कॉम पोर्टवर दोघं बसत नाहीत, लॉगिंगचा प्रोग्राम हा नेहमीचा घुसखोर. बॉड रेट (पोर्टचा वेग) दोन्हीकडे सारखा आहे का. आणि सीआय-व्ही पत्ता. ७३००चा मूळ पत्ता ९४एच आहे. लिनक्सवर असाल तर पोर्टचा नंबर न लिहिता बाय-आयडी खालचं नाव लिहा, ते बदलत नाही. विंडोजमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा.

रिग बंद असेल तरी ती सीआय-व्हीने सुरू करता येते, १३.८ व्होल्ट मिळत असले की झालं. झोपलेल्या रिगला जागं करायला आज्ञेच्या आधी 'एफई'चे बाइट्स ओळीने पाठवावे लागतात, १,१५,२०० बॉडला १५०. बहुतेक सॉफ्टवेअर हे करतं. स्वतः स्क्रिप्ट लिहिणारे मात्र एकच एफईची जोडी पाठवतात आणि रिग खराब झाली म्हणून कपाळाला हात लावतात.

ट्रान्समिट करताच सगळं तुटतं

माझा सगळ्यात जास्त वेळ याने खाल्ला. ऐकताना तासन्‌तास ठीक. पीटीटी दाबली की संपर्क गेला. मी पंधरा दिवस फायबरवाल्याशी भांडलो. तो बिचारा दोनदा येऊन गेला. मग एका रविवारी पॉवर ५ वॉटवर आणली आणि संपर्क टिकला. २० वॉटला टिकला. ५० ला तुटला. १५ मीटरवर १०० वॉटलाही टिकला. इंटरनेटला बँड आणि वॉट कळत नाहीत; आरएफला, म्हणजे रिगच्याच रेडिओ लहरींना, कळतात.

ही चाचणी तुम्हीही याच क्रमाने करा: पॉवर कमी, मग दुसरा बँड, मग डमी लोड. डमी लोडवर टिकतं आणि अँटेनावर तुटतं, तर कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) बाहेरच्या अंगाने आरएफ शॅकमध्ये (रिगच्या खोलीत) येतंय आणि यूएसबीत शिरतंय. एंड-फेड (एका टोकालाच केबल जोडलेली) अँटेना यात विशेष बदनाम. बाजारात मिळणारा चिमट्यासारखा फेराइट वायरला एकदा अडकवून ७ मेगाहर्ट्झवर फारसं काही होत नाही. एफटी२४०-३१ ची मोठी रिंग घ्या आणि यूएसबीची बारीक वायर तिच्यातून आठ-दहा वेळा फिरवा. अँटेनाच्या फीड पॉइंटला (केबल जोडते तिथे) तशाच रिंगवर आरजी-५८ कोॲक्सचे दहा-बारा वेढे घालून चोक बसवा. दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा, कारण तो आरएफला वाटेतच अडवतो. माझ्याकडे पहिल्याने अर्धं काम झालं, दुसऱ्याने पुरं.

डमी लोडवरही तुटत असेल तर व्होल्टेज बघा. ७३०० ला १३.८ व्होल्ट, पंधरा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ११.७ च्या खाली नाही. रिगचा व्हीडी (व्होल्टेज) मीटर दूरवरून वाचता येतो. बोलताना आवाजाच्या झटक्याबरोबर तो खाली बसत असेल, तर डीसी वायर बारीक आहे किंवा फ्यूजचा होल्डर गंजलाय. कोकणातल्या मित्राकडे दर पावसाळ्यानंतर हाच होल्डर निघतो.

आवाज तुटतो, आवाज जात नाही

आवाज तुटत असेल तर पाच मिनिटं पिंग चालू ठेवा आणि सरासरीकडे बघू नका. सरासरी २५ मिलिसेकंद असेल, पण मधेच २५० ची उडी असेल, तर तुकडे त्या उडीमुळेच पडतात. बफर २०० ते ३०० मिलिसेकंद करा. उत्तर जरा उशिरा जाईल, गप्पांच्या नेटला चालतं. कोडेकही (आवाज डेटात बदलायची पद्धत) बघा: ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट म्हणजे सेकंदाला ७६८ किलोबिट, १६ किलोहर्ट्झला २५६, टेलिफोनच्या दर्जाचा ८ किलोहर्ट्झ, ८ बिट म्हटलं तर फक्त ६४. एसएसबीचा (हॅमच्या बोलण्याच्या नेहमीच्या मोडचा) आवाज मुळातच तीन किलोहर्ट्झच्या आत असतो. त्यासाठी ४८ किलोहर्ट्झ म्हणजे चहाच्या कपासाठी हंडा.

उड्या ठरावीक वेळी येत असतील तर घरातल्या अपलोडकडे बघा. आमच्याकडे सीसीटीव्ही क्लाउडवर चित्रण चढवायचा आणि नेमकं संध्याकाळी गुरं परत येताना तो जागा व्हायचा. पीसी वायफायवर असेल तर लॅन वायर ओढा. टेलस्केल वापरत असाल तर त्याच्या स्टेटसमध्ये जोडणी थेट आहे की रिलेमार्फत (मधल्या सर्व्हरवरून), ते दिसतं. रिलेमार्फत असेल तर आवाज कुठल्यातरी दूरच्या शहरातून फिरून येतोय.

आपला आवाज पलीकडे जात नसेल तर रिगचा मोड बघा. साध्या एलएसबीत (एसएसबीच्या खालच्या बाजूच्या मोडमध्ये) ७३०० यूएसबी वायरीतून येणाऱ्या आवाजाकडे लक्ष देत नाही, ती माईक ऐकते. डेटा मोड लावा आणि डेटा मॉडचं सेटिंग यूएसबी ठेवा. मोठ्या अपडेटनंतर विंडोज माईकची परवानगी काढून घेतं, तेही तपासा. आणि विंडोजने रिगचं 'यूएसबी ऑडिओ कोडेक' हे स्वतःचं मुख्य स्पीकर मानलं, तर त्याच्या सगळ्या सूचना तिथेच वाजतात. एकदा माझ्या कॉलसाइनच्या मागोमाग चाळीस मीटरवर विंडोजची टिंग गेली. नेटवरच्या वडीलधाऱ्यांनी बरेच दिवस मला त्याच नावाने हाक मारली.

एफटी८ या संगणकावरून चालणाऱ्या डिजिटल मोडचा आवाज इकडून तिकडे नेण्याच्या फंदात पडू नका. डब्ल्यूएसजेटी-एक्स हे त्याचं सॉफ्टवेअर गावच्या पीसीवरच चालवा आणि रिमोट डेस्कटॉपने फक्त बटणं दाबा. मात्र विंडोजचा रिमोट डेस्कटॉप पीसीची साउंड कार्डं लपवतो, म्हणून जोडतानाच्या पर्यायांत आवाज दूरच्या संगणकावरच वाजू दे असं निवडा. गावच्या पीसीचं घड्याळ एका सेकंदाच्या आत हवं; काही डीकोड होत नसेल तर सर्वांत आधी तेच बघा. मोर्ससाठी पॅडलचे ठोके इंटरनेटवरून पाठवले तर ते अडखळतात. मजकूर पाठवा आणि रिगलाच की करू (ठोके देऊ) द्या. सीआय-व्हीची १७ क्रमांकाची आज्ञा एका वेळी ३० अक्षरं घेते.

सगळं ठीक दिसतं, वॉट दिसतात, तरी कुणी उत्तर देत नाही, असं वाटलं तर आपला सिग्नल आपणच बाहेरून ऐका. किवीएसडीआरचे सार्वजनिक रिसीव्हर ब्राउझरमध्ये उघडतात. आपला सिग्नल कुठे कुठे ऐकू आला ते कळायला मोर्सला रिव्हर्स बीकन नेटवर्क आणि एफटी८ ला पीएसके रिपोर्टर पुरतो. तिथे कुठेच नसाल तर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो त्याचं माप) वाचा. माझा एकदा १.४ वरून ५ वर गेला होता आणि दर दहा सेकंदांनी बदलत होता. सीसीटीव्ही अंगणाकडे वळवला, तर व्हीच्या एका पायावर तीन वानरं.

गावातला माणूस

शेवटची कडी माणूस आहे. माझ्याकडे काकू आणि चुलत भाऊ. "एसएमपीएस बंद कर" असं फोनवर सांगून उपयोग नसतो. प्रत्येक वस्तूला रंगीत चिकटपट्टी लावलीय. लाल म्हणजे रिगची वीज, पिवळी राऊटर, हिरवी पीसी, आणि अँटेनाच्या वायरीला निळी. भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद आहे: लाल बंद, शंभर आकडे मोजा, लाल चालू.

निळ्याचं काम वळवाच्या आधी असतं. मे महिन्यात दुपारी ढग दाटले की काकू न सांगता वर जातात, कोॲक्स रिगमधून काढतात आणि खिडकीबाहेरच्या अर्थच्या पट्टीला लावतात. मग मला फोन येतो, "निळी काढली रे, आता त्या मशिनीला हात लावू नकोस." मी रिगची पॉवर शून्यावर आणून ठेवतो, कारण विसरून पीटीटी दाबायची सवय मलाच आहे.